डिझेल जीपचा ट्रान्स्फर पुन्हा पुन्हा जातोय? नवा घेण्याआधी हे तपासा

पावसाळा तोंडावर आला की ट्रान्स्फरबद्दल, म्हणजे गिअरबॉक्समागच्या ज्या केसमधून पुढच्या-मागच्या चाकांना ताकद जाते त्याबद्दल, मला एकच प्रश्न दहा जणांकडून येतो. "जुन्या जीपला टर्बो डिझेल इंजिन टाकलंय. लो (ट्रान्स्फरचा हळू, जोरकस गिअर) टाकून चढावर नेली की गिअर सुटून न्यूट्रलला येतो. दोनदा ट्रान्स्फर खोलून झाला. आता भक्कम असा कोणता घालू?"

यातला शेवटचा तुकडा सगळ्यांच्या आवडीचा, कारण तिथे खरेदी आहे. गिअर सुटला तेव्हा पाय ॲक्सिलरेटरवर होता की उचललेला होता, चढ होता की उतार, गाडी तापलेली होती की सकाळची पहिली फेरी होती, हे विचारलं की समोरचा गप्प होतो. नवा केस बसवल्यावर सहा महिन्यांनी त्याचाच फोन परत येतो, आणि तक्रार तीच असते.

मी हे शहाणपण पुस्तकातून सांगत नाही. माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपवर मी स्वतः तीन महिने हाच मूर्खपणा केला. मूळचं इंजिन काढून कॉमन रेलचं टर्बो डिझेल बसवलं, आणि पहिल्याच चिखलात लो सुटायला लागला. केस खोलला. सिलेक्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) बदलला, तो ज्यावर सरकतो त्या रेलवरची, गिअर जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग बदलली, सिंगल दांडी काढून दोन दांड्यांची जोडणी केली. सपाटीवर सगळं ठीक चालायचं. मुळशीतल्या मित्राच्या शेताच्या बांधावर नेली की खट्ट, न्यूट्रल. मग मी परदेशी केसचे फोटो बघत रात्री जागवायला लागलो.

आमचे मिस्त्री, सगळे त्यांना मामाच म्हणतात, त्यांना विचारलं, "मामा, नवीनच टाकू का?"

"टाक की. पैसे तुझे. पण जुन्यानं काय पाप केलंय ते तरी बघ एकदा."

त्यांनी चारी चाकांना दगड लावले, मला आत बसवलं. लो पहिला टाक, ब्रेक दाबून धर, क्लच हळूहळू सोड, आणि रस्त्याकडे नको, दांडीकडे बघ, म्हणाले. क्लच पकडायला लागला तशी ट्रान्स्फरची दांडी जागची हलली, बाजूला झुकली आणि फ्लोअरच्या पत्र्याच्या कापलेल्या कडेला जाऊन टेकली. म्हणजे केस हलत होता, पत्रा दांडीला धरून ठेवत होता, आणि दोघांच्या ओढाताणीत गिअर बाहेर येत होता. खाली बघितलं तर गिअरबॉक्सखालचं फाउंडेशन रबर मधोमध फाटलेलं. रबर नवं घातलं, पत्र्याची खाच ग्राइंडरने इंचभर मोठी केली, वर रबरी बूट लावला. एका दुपारचं काम. त्यानंतर लो सुटलेला नाही. काढून ठेवलेला जुना फोर्क अजून माझ्याकडे आहे, आणि तो तेव्हाही धडधाकट होता.

दांडी आणि फाउंडेशन

म्हणून माझ्या यादीत पहिला नंबर केसच्या बाहेरच्या गोष्टींचा. कारण समजून घ्या. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर हा एकमेकांना बोल्टने जोडलेला एकच ठोकळा आहे. त्यातून प्रोपेलर शाफ्टवाटे जेवढा टॉर्क बाहेर पडतो, तेवढाच उलटा पीळ त्या ठोकळ्याला बसतो, आणि तो सगळा फाउंडेशनच्या रबरांना सोसावा लागतो. जुन्या १२० न्यूटन-मीटरच्या आसपासच्या इंजिनाला जी रबरं पुरत होती, ती दुप्पट टॉर्कच्या इंजिनाला लो गिअरमध्ये पुरतील कशी? इंजिन बदलताना लोक इंजिनाखालची नवी ब्रॅकेट वेल्ड करतात आणि मागचं, गिअरबॉक्सखालचं रबर मात्र तसंच ठेवतात. फाटतं ते नेमकं तेच.

मामांची चाचणी घरी करता येते, फक्त दोन पथ्यं पाळा. गाडीसमोर आणि गाडीखाली कोणी नको. आणि दगड लावल्याशिवाय नको. दांडीचं टोक बोटभर हललं तर रबर गेलंय. ज्यांनी बॉडी उचलून मोठे टायर घातलेत त्यांनी खाच खास तपासावी, कारण बॉडी वर गेली पण दांडी केससोबत खालीच राहिली, त्यामुळे दांडी खाचेच्या मध्यावर उरत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच केसच्या आत शिरायचं. माझा अनुभव असा की चढावर जोर देताना सुटत असेल तर दांडी-रबर, आणि उतारावर पाय उचलल्यावर सुटत असेल तर शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा. भार उलटला की शाफ्ट पुढे-मागे सरकतो, सैल असेल तर गिअरला सोबत घेऊन जातो. विलीसच्या वंशातल्या डाना १८ ट्रान्स्फरमध्ये आउटपुट शाफ्ट टेपर बेअरिंगवर असतो आणि त्याचा एंड प्ले मागच्या टोपणाखालच्या शिमनी (पातळ चकत्यांनी) बसवतात. ०.१० ते ०.२० मिलिमीटर एवढाच हवा. डायल गेज लावून मोजा. "हाताला थोडं खट्ट लागलं की बरोबर" असं म्हणणारे फिटर खूप भेटतील. हाताला खट्ट लागतं तेव्हा तो बहुधा मापाबाहेर गेलेला असतो.

प्ले बरोबर असूनही सुटतोय तर मग गोळी-स्प्रिंग, रेलवरची खाच, फोर्कची झीज आणि शेवटी गिअरचे दात. दातांची कड तिरकी घासलेली असेल तर कितीही स्प्रिंग बदला, भार आला की दातच एकमेकांना बाहेर ढकलतात. असा गिअर बदलायचाच.

आणखी एक खोड इथेच सांगतो. या केसमध्ये दोन रेलच्या मध्ये एक बारीक इंटरलॉक असतो. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडू नये यासाठी तो आहे. चिंचोळ्या जागेत वळायला सोपं जातं म्हणून बरेच जण तो काढून टाकतात, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर लो वापरता येतो. वापरा, पण त्या वेळी लोचा अख्खा टॉर्क एकट्या मागच्या शाफ्टवर आणि मागच्या ॲक्सलवर जातो हे ध्यानात ठेवून वापरा. मोकळ्या मैदानात वळण्यासाठी केलेली सोय दगडावर जोर लावायला वापरली की शाफ्टचे क्रॉस (सांधे) तुटतात, आणि नाव ट्रान्स्फरचं खराब होतं.

फोर बाय फोर निघतच नाही

दांडी अडकते, उलटी-सुलटी गाडी घेतल्यावर धाडकन निघते, वळताना पुढचं चाक उड्या मारतं. डांबरी रस्त्यावर हे होणारच. पार्टटाइम, म्हणजे गरजेपुरता फोर बाय फोर देणाऱ्या केसमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, आणि तो फरक जिरवायला जागा नसली की शाफ्ट पिळले जातात. घाटात पाऊस आहे म्हणून डांबरावर फोर बाय फोर टाकून ठेवणारे मी ताम्हिणीत दरवर्षी बघतो.

पण मातीतसुद्धा सरळ जाताना असं होत असेल तर कान टवकारा. माझ्याकडे आलेली एक गाडी वर्षात दोन ट्रान्स्फर खाऊन बसली होती. मालकाने मागचा ॲक्सल भंगारातून मजबूत म्हणून आणलेला, पुढचा मूळचाच. पुढचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) निघाला ५.३८, मागचा ४.८८. दोन्ही शाफ्ट केसमधून एकाच वेगाने फिरतात, म्हणजे मागची चाकं दहा मीटर जातात तेवढ्यात पुढची जेमतेम नऊ मीटर जाऊ बघतात. हा जवळपास मीटरभराचा फरक दर दहा मीटरला टायरने घसटून भरून काढायचा. चिखलात टायर घसरतो म्हणून कळत नाही. कातळावर पकड मिळाली की तो फरक ट्रान्स्फरच्या दातांमध्ये जाऊन बसतो. जगातला कोणताही केस यात टिकणार नाही.

तपासायला केस उघडायची गरज नाही. ट्रान्स्फर न्यूट्रलला, ॲक्सलचं एकच चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, गाडीला दगड. शाफ्टवर आणि हाउसिंगवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. साधा डिफरन्शियल असेल तर शाफ्ट जितके फेरे फिरेल तोच रेशो: पाचाला थोडा कमी म्हणजे ४.८८, सव्वापाचाच्या पुढे म्हणजे ५.३८. पुढच्या ॲक्सलला लॉकिंग हब (चाक ॲक्सलला जोडणारे-सोडवणारे) असतील तर आधी लॉक करा, नाहीतर चाक फिरेल आणि शाफ्ट ढिम्म राहील. दोन्ही ॲक्सल मोजा. ॲक्सलवरच्या नंबर पट्टीवर, पेंटने लिहिलेल्या आकड्यावर किंवा भंगारवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

टायरचंही तेच. पुढे झिजलेले, मागे नवे, असं फोर बाय फोरला चालत नाही. चारी टायरचा घेर मेजरिंग टेपने मोजून घ्या.

तेल आणि आवाज

तेल गळतंय म्हणून केस बदलायचा विचार करणाऱ्यांना फक्त दोन गोष्टी. टी-९० सारख्या जुन्या गिअरबॉक्सला चिकटलेल्या डाना १८ मध्ये तेल बाहेर गळण्याआधी आतल्या आत सरकतं. गिअरबॉक्सची पातळी कमी आणि ट्रान्स्फर काठोकाठ, असं दिसलं तर दोघांमधलं सील गेलंय. मग जास्तीचं तेल सीलमधून बाहेर येतं, लोक बाहेरची सील बदलत बसतात आणि कोरडा गिअरबॉक्स ओरडत मरतो. दोन्ही बूच एकाच वेळी उघडून पातळी बघा. दुसरं, मधल्या म्हणजे इंटरमीजिएट शाफ्टच्या मागच्या टोकाला जी लॉक पट्टी असते तिथून पाझर असेल तर शाफ्ट भोकात सैल झालाय का बघा. तसा असेल तर सीलंटचा थर देऊन काही होत नाही, भोक लेथवाल्याकडे बुश करून घ्यावं लागतं.

आवाजाबद्दल लोकांची भीती जरा जास्तच आहे. डाना १८ मध्ये हाय गिअरमध्येसुद्धा ताकद थेट मागे जात नाही, ती मधल्या गिअरमधून खाली उतरून बाजूच्या शाफ्टला मिळते. त्यामुळे तो थोडा गातोच. गाणं वेगाप्रमाणे सुरेल चढत-उतरत असेल तर चालू द्या. घरघर किंवा ठराविक अंतराने टक्-टक् असेल तर मधल्या शाफ्टची निडल बेअरिंग आणि दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर बघा. या केसमधला सगळ्यात दुबळा भाग तोच. कंपनीने हा शाफ्ट वेळोवेळी जाड केला: सुरुवातीला पाऊण इंच, मग एक इंच एक सूत, शेवटी सव्वा इंच. तुमच्या केसमध्ये पाऊण इंची निघाला आणि वर टर्बो डिझेल असेल, तर तो केस मात्र खरोखर बदलायच्या लायकीचा आहे.

चेनवाल्या केसची लक्षणं वेगळी. टू व्हीलमध्ये सगळं छान, फोर बाय फोर टाकून जोर दिला की खालून घण मारल्यासारखा आवाज: चेन ढिली होऊन स्प्रॉकेटच्या दातांवरून उडी मारतेय. आणि त्यात गिअर ऑईल ओतून ठेवू नका. बहुतेक चेनवाल्या केसना पातळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं.

आता खरंच घ्यायचा असेल तर

आधी कायद्याचं, कारण नंतर कोणी वाचत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांमुळे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळे बदल रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीत चालत नाहीत. रस्त्यावर चालवायची जीप असेल तर मूळच्याच जातीचा केस चांगला बांधून घ्या. माझी जीप आता स्पर्धेपुरती आहे, ट्रकवर लादून नेतो. पुढचं सगळं अशा गाड्यांबद्दल आहे असं समजा.

बहुतेक जण पहिला प्रश्न "किती टॉर्क सहन करेल?" असा विचारतात. मी पहिला प्रश्न विचारतो: तुमचा पुढचा डिफ (ॲक्सलवरचा डिफरन्शियल) कुठल्या बाजूला आहे? सीजे-३बी या जुन्या विलीस जीपच्या घराण्यात पुढचा आणि मागचा दोन्ही डिफ उजवीकडे सरकलेले असतात, कारण केसचे दोन्ही आउटपुट उजवीकडे आहेत. नंतरच्या केसमध्ये पुढचा आउटपुट बाजूला आणि मागचा मध्यावर, गिअरबॉक्सच्या रेषेत असतो. असा केस आणलात तर मागचा ॲक्सलही मध्यावर डिफ असलेला लागेल, नाहीतर शाफ्ट वर-खाली तिरका असतोच, आता आडवाही तिरका होईल. गाडीखाली पाठीवर झोपा, टॉर्च घ्या, दोन्ही डिफ कुठे आहेत ते कागदावर काढा. मग बाजारात जा. स्वस्तात मिळाला म्हणून उलट्या बाजूचा केस आणून आता ॲक्सल शोधतोय, असे निदान तीन जण मला माहीत आहेत.

त्यानंतर टॉर्क. इथे जरा कागद-पेन्सिल घ्या, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. धरा, नव्या इंजिनाचा टॉर्क २४७ न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, ट्रान्स्फरचा लो २.४६. गुणाकार केला तर केसमधून बाहेर पडू शकणारा टॉर्क येतो साधारण २४३०. जुन्या १२० च्या इंजिनावर हाच आकडा ११८० होता. लोक इथेच थांबतात आणि घाबरतात.

पण टायर घसरला की टॉर्क पुढे वाढतच नाही. गाडी सामानासकट १७०० किलो, पकड चांगली म्हणजे ०.८, टायरची भाराखालची त्रिज्या ०.३८ मीटर धरली तर चारी चाकं मिळून जमिनीला जास्तीत जास्त ५०७० न्यूटन-मीटर देऊ शकतात. डिफ रेशो ४.८८ असेल तर त्याला भागून दोन्ही शाफ्टवर मिळून येतात १०४० च्या आसपास. बघा, जुनं इंजिनसुद्धा त्या मर्यादेपर्यंत पोचत होतंच. म्हणजे इंजिन दुप्पट केल्याने केसवरचा सलग भार दुप्पट झाला, असं नाही.

आता त्याच गाडीला पस्तीस इंची टायर घाला, त्रिज्या ०.४३. आकडा ११७५ वर गेला. आणि मजबूत म्हणून आणलेला ॲक्सल ३.७३ रेशोचा निघाला तर? १५४० च्या जवळ. इंजिनाला हातही न लावता ट्रान्स्फरवरचा भार जवळजवळ दीडपट. ट्रान्स्फरच्या जिवावर उठतात ते बहुधा मोठे टायर आणि उंच, म्हणजे कमी आकड्याच्या रेशोचा डिफ. मोठे टायर हवेतच ना, मग क्राउन-पिनियन (डिफमधली गिअरची जोडी) खालच्या, म्हणजे मोठ्या आकड्याच्या रेशोची घाला. तो खर्च नव्या केसपेक्षा शहाणपणाचा.

इंजिनाचा दोष येतो तो झटक्यात. चाक चिखलात भणाणत फिरतंय, टर्बो फुल भरलाय, आणि अचानक त्या चाकाला दगडाची पकड मिळते. तेव्हा फ्लायव्हीलपासून टायरपर्यंत फिरणारं सगळं वजन एका क्षणात थांबायला बघतं आणि वरचं गणित कोलमडतं. यावर उपाय लोखंडाचा नाही, पायाचा आहे.

लो रेशो निवडायचा तो ताकदीसाठी नाही, वेगासाठी. पस्तीस इंची टायर, ४.८८ चा डिफ, ४ चा पहिला गिअर आणि ८०० आरपीएमचं आयडल धरलं, तर १.९७ लोवर गाडी ताशी ३.४ किलोमीटरने सरपटते, २.४६ वर २.७ ने, २.७२ वर २.४ ने. लष्करी विलीसच्या केसला १.९७ होता, पुढच्या नागरी सीजेंना २.४३ ते २.४६. एक पायरी बदलली तरी फरक पायाखाली जाणवतो. पेट्रोलवाल्यांना चारच्या वरचा लो खुणावतो, आणि तो कोरड्या कातळावर झकास आहे. डिझेलला आयडलवरच टॉर्क असतो आणि वर आरपीएम थोडे, त्यामुळे गणित बदलतं. ४.० चा लो घातला तर पहिल्या गिअरमध्ये ३५०० आरपीएमला गाडी ताशी ७ किलोमीटरच्या थोडीच पुढे जाते. सह्याद्रीतल्या किंवा गोव्यातल्या पावसाळी लाल चिखलात टायरच्या खाचा साफ व्हायला चाक जोरात फिरावं लागतं. ७ च्या वेगाने खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. मग गिअर बदलायचा, तोही चढाच्या मधोमध. २०१४ पासून गोव्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या चिखलाच्या स्पर्धांसाठी गाडी बांधत असाल तर २.४ ते २.७ मध्येच राहा. माझा अजूनही २.४६ च आहे.

गिअरवाला की चेनवाला, यावर भांडणं होतात. गिअरवाला बिडाचा, जड, गाणारा, पण झटका सोसणारा, आणि आपल्याकडे कुठलाही चांगला फिटर तो उघडू शकतो. चेनवाला ॲल्युमिनियमचा, हलका, शांत, हायमध्ये मागे थेट ताकद देणारा. ज्याची जीप आठवड्यातले सहा दिवस हायमध्येच चालते त्याला चेनवाला वाईट नाही. फक्त त्यातल्या बऱ्याच केसमध्ये तेलाचा पंप असतो, पाणी शिरलं आणि लक्ष गेलं नाही की तो संपतो. ओढ्यातून गेल्यावर तेल दुधाळ झालंय का बघायची सवय नसेल तर गिअरवालाच घ्या. तो पाण्यातही काही दिवस माफ करतो.

अमेरिकेत डिझेल पिकअपवर काम करणारे मराठी मित्रही विचारतात, त्यांच्यासाठी एवढंच. तिकडे न्यू प्रोसेस २०५ हा बिडाचा, पूर्ण गिअरवाला केस, लो जेमतेम १.९६. १९८९ ते १९९३ च्या कमिन्स इंजिनवाल्या डॉजमध्ये तो होता, म्हणून डिझेलवाल्यांचा लाडका. मजबुतीला तोड नाही, पण सरपटायला लो उथळ. आणि बाजू बघूनच घ्या: जुन्या जीएम ट्रकचा पुढचा आउटपुट उजवीकडे, १९७७ च्या मध्यानंतरच्या फोर्डचा डावीकडे. न्यू प्रोसेस २३१ चा लो २.७२, पण तो हलक्या जीपांचा चेनवाला केस आहे. जड डिझेल पिकअपखाली त्याला घालू नका.

अॅडाप्टरबद्दल सावध. गिअरबॉक्स आणि केसच्या मध्ये तीन-चार इंचांची प्लेट आली की आधीच आखूड असलेला मागचा शाफ्ट आणखी आखूड होतो आणि त्याचा कोन वाढतो. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन सारखे लागतात आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत. हे चुकलं की कंप सुटतो, आणि पहिलं जातं ते ट्रान्स्फरचं मागचं सील, मग बेअरिंग. मग लोक म्हणतात, नवाही तसलाच निघाला. जुन्या केसच्या मागच्या आउटपुटवर हँडब्रेकचा ड्रम असतो, तो नव्यावर येईलच असं नाही. हँडब्रेक कुठून करणार ते आधी ठरवा. उतारावर केस न्यूट्रलला गेला तर इंजिनाचा ब्रेक उरत नाही.

भंगारातला केस बघताना टोपण उघडायला लावा. विक्रेता नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात. आत बोट फिरवून तळाचा गाळ काढा: करडी लापशी चालेल, चकाकणारे कण चालतील, टोकदार तुकडा मिळाला तर ठेवून द्या परत. लोला टाकून इनपुट हाताने फिरवा आणि आउटपुटचे फेरे मोजा, म्हणजे १.९७ आहे की २.४६ ते तिथेच कळेल. योक धरून पुढे-मागे आणि वर-खाली हलवा. वर-खाली हलला तर भोकच घासलेलं आहे.

बसवल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर तेल काढून चुंबक फिरवा, सगळे स्टड पुन्हा कसा. मग ५०० ला परत. आणि दोन्ही वेळा, गाडी जमिनीवर उतरवल्यावर, मामांची दांडीची चाचणी करा, दगड लावून.